लिस्बनहून मायामीला, जहाजाने

२ डिसेंबर २०२४ च्या सकाळी मायामीच्या धक्क्यावर उतरलो, तेव्हा जहाजावर आमच्या तेवीस रात्री झाल्या होत्या. तयारीला लागलो होतो ऑगस्ट २०२३ मध्ये. म्हणजे तेवीस रात्रींसाठी पंधरा महिने. त्यातला बराच काळ नुसती वाट पाहण्यात गेला, आणि आपण करतोय ते बरोबर आहे की नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. भारतीय पासपोर्टवर हा मार्ग धरणाऱ्या कोणाला तरी उपयोग व्हावा, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमचा मार्ग असा होता: लिस्बन, मदेराचं फुंशाल, कॅनरी बेटांमधलं टेनेरिफ, मग सहा दिवस नुसता अटलांटिक. पलीकडे बार्बाडोस, सेंट लुशिया, क्युरासाव, कोलंबियातलं कार्ताहेना, पनामा कालवा, कोस्टा रिकातलं लिमोन, होंडुरासचं रोआतान बेट, बेलीझ, मेक्सिकोचं कोझुमेल आणि शेवटी मायामी. उन्हाळाभर युरोपात फिरलेली जहाजं थंडीच्या तोंडावर अशी कॅरिबियनकडे जातात. जहाजाला पलीकडे जायचंच असतं आणि बंदराशिवाय सलग सहा दिवस बऱ्याच लोकांना नको असतात, त्यामुळे भाडं उतरतं. आम्हाला खिडकीची केबिन माणशी १,९५० डॉलरला मिळाली. बंदरांचे कर माणशी ३१० डॉलर आणि टिप माणशी रोज १६ डॉलर, हे वेगळं. जाहिरातीतल्या आकड्यावर हिशेब मांडू नका, हे सगळं धरून मांडा.

पण भाड्याच्या आधी अमेरिकेचा व्हिसा. प्रवास मायामीला संपतो, म्हणजे तिथून फक्त परतीचं विमान पकडायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा हवाच. आम्ही पर्यटकांचा बी-१/बी-२ व्हिसा काढायचं ठरवलं. डीएस-१६० फॉर्म भरला, माणशी १८५ डॉलर भरले आणि मुलाखतीची तारीख बघायला गेले, तर पहिली मोकळी तारीख २०२४ च्या डिसेंबरातली. म्हणजे जहाज मायामीला लागून गेल्यानंतरची! त्या रात्री मी बेत सोडूनच दिला होता. नवरा म्हणाला, मिळते ती तारीख घेऊन ठेव, लोक रद्द करतात तशा जागा सुटत जातात. तसंच झालं. फक्त एक सांभाळा: साइटवर सारखं आत-बाहेर केलं तर खातं काही काळ बंद होतं. मी दिवसातून एकदाच बघायची. जानेवारीच्या मध्यावर फेब्रुवारीची तारीख हाती लागली. मुलाखत जेमतेम दोन मिनिटांची झाली. अमेरिकेत कसे पोचणार, किती दिवस राहणार आणि परत कसे जाणार, एवढंच विचारलं.

हा व्हिसा पासपोर्टवर असला की मेक्सिको, कोस्टा रिका, पनामा अशा देशांमध्ये आपल्याला बहुधा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. तरी याबाबतीत कोणाच्याही ऐकीव माहितीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा. अटी बदलतात. मी जहाज कंपनीला ईमेल करून, भारतीय पासपोर्टला कोणत्या बंदरावर काय लागेल, याची यादी लेखी मागवली आणि छापून घेतली. चढताना काउंटरवरची मुलगी क्युरासावपाशी अडली, तेव्हा तोच कागद पुढे केला आणि विषय संपला.

मार्च २०२४ मध्ये अनामत भरून केबिन घेतली. उरलेली रक्कम निघण्याच्या नव्वद दिवस आधी भरायची होती, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यामुळे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज जुलैच्या सुरुवातीलाच दिला, म्हणजे नकार आलाच तर मोठी रक्कम अडकणार नव्हती. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. फी ११ जून २०२४ पासून ८० युरोची ९० युरो झाली होती, ती आम्हाला लागू झाली. आमच्या अर्जातली खरी अडचण वेगळीच होती. युरोपातून भारतात परतीचं तिकीट दाखवा, असं कागदपत्रांच्या यादीत लिहिलेलं, आणि आम्ही तर युरोपातून जहाजाने बाहेर पडणार! शेवटी मी एक पानाचं पत्र जोडलं: अमुक तारखेला लिस्बनला उतरणार, अमुक तारखेला टेनेरिफहून जहाज युरोप सोडणार. त्याला जहाजाचा छापील मार्ग, अमेरिकेच्या व्हिसाची प्रत आणि मायामीहून परतीच्या विमानाचं तिकीट जोडलं. अर्ज पोर्तुगालकडे केला, कारण शेंगेनमधले जास्तीत जास्त दिवस तिथेच होते. सतराव्या दिवशी पासपोर्ट परत आले, एकाच प्रवेशाचा व्हिसा होता. आम्हाला तो पुरला, कारण फुंशाल पोर्तुगालचं आणि टेनेरिफ स्पेनचं, दोन्ही शेंगेनमध्येच. तुमचं जहाज मध्येच मोरोक्कोतल्या कासाब्लांकाला थांबून पुन्हा युरोपच्या बंदरात येणार असेल, तर एकच प्रवेश तिथे संपतो. बहुप्रवेशाचा व्हिसा मागा.

राहिलं पीतज्वराचं, म्हणजे यलो फीव्हरचं. हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. कोलंबिया आणि पनामा हे पीतज्वराचा धोका असलेले देश मानले जातात. कोलंबियातून येणाऱ्याकडे कोस्टा रिका लशीचं प्रमाणपत्र मागतं, आणि आमच्या मार्गावर कार्ताहेनानंतर दोनच दिवसांनी लिमोन होतं. शिवाय भारताचाही नियम आहे: अशा देशातून निघून सहा दिवसांच्या आत परतलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवतात. सगळं सुरळीत झालं तर आम्ही सहा दिवसांनंतरच परतणार होतो. पण पनामात कोणी आजारी पडलं आणि तिथूनच विमानाने यावं लागलं तर? लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते. केंद्रं थोडी, वार ठरलेले, माणसांचा आकडा ठरलेला. मूळ पासपोर्ट न्यावाच लागतो. नवऱ्याचं वय बासष्ट. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात, कारण क्वचित का होईना, गंभीर त्रास होऊ शकतो. त्याला आपल्या डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी आणायला सांगून परत पाठवलं. मला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळाली, त्याला तिसऱ्या. त्या दोन आठवड्यांत मी खूप चिडचिड केली, एका छोट्या पिवळ्या पुस्तिकेसाठी किती हेलपाटे, म्हणून. पुढे पनामात तो राग कुठच्या कुठे गेला, ते सांगेनच.

आरोग्य विम्यात जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे बघून घ्या. भर समुद्रात लागणारा सर्वांत मोठा खर्च तोच.

९ नोव्हेंबरला दुपारी लिस्बनला चढलो. आपत्कालीन सराव झाला, लाइफ जॅकेट कुठे, आपली जमण्याची जागा कोणती, ते पाहून घेतलं. तेगूस नदीतून जहाज बाहेर पडेपर्यंत सगळे डेकवर होते. रात्री दहाच्या सुमाराला खरा समुद्र लागला. वायव्येकडून लांबलचक लाटा येत होत्या आणि कपाटातले हँगर एका लयीत दांडीवर आपटत होते. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घेतली होती, तरी माझं पोट ढवळलं. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर फारसा उपयोग होत नाही. हँगरच्या मध्ये टॉवेल कोंबला, तेव्हा कुठे झोप लागली. फुंशालला पोचेपर्यंत शरीर जुळून आलं होतं.

टेनेरिफला १२ तारखेला पासपोर्टवर युरोपातून बाहेर पडल्याचा शिक्का बसला. तो मी आपल्या डोळ्यांनी पाहून घेतला, तेव्हा पुढच्या व्हिसाच्या वेळी तोच पुरावा असायचा. संध्याकाळी सुटलो आणि मग सहा दिवस जमीन नाही.

या सहा दिवसांची मला धास्ती होती. आता विचाराल तर सगळ्या प्रवासातले तेच दिवस मला पुन्हा हवेत. व्यापारी वारे ईशान्येकडून, म्हणजे आमच्या पाठीमागून येत होते. वारा आणि जहाज एकाच दिशेने चाललेले, त्यामुळे मोकळ्या डेकवरही अंगाला वारा लागत नसे. पाचव्या दिवशी पाण्यावर तपकिरी-सोनेरी शेवाळाचे पट्टे दिसू लागले, ते सारगॅसम. जहाजाच्या पुढ्यातून उडते मासे सुटायचे, मूठभर चिल्लर फेकावी तसे, आणि पन्नासेक फुटांवर पुन्हा पाण्यात शिरायचे. रोज दुपारी बारा वाजता कप्तान जागा, वेग, वारा आणि खालची खोली सांगायचा. खोली पाच हजार मीटर ऐकली की सगळं जेवणघर क्षणभर गप्प व्हायचं. कोलंबसला १४९२ मध्ये कॅनरी बेटांवरून पलीकडची जमीन दिसायला पाच आठवडे लागले होते.

पश्चिमेकडे जाताना सहा दिवसांत घड्याळ चार तास मागे न्यायचं होतं. चार रात्री तासभर जास्त झोप मिळाली. विमानाने जाऊन जो थकवा येतो, तो अजिबात आला नाही. उलट दिशेने जाणाऱ्यांचा तोच तास रोज कापला जातो, म्हणून निवड असेल तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जा.

१५ तारखेला कप्तानने सांगितलं की ‘सारा’ नावाचं वादळ होंडुरासच्या किनाऱ्यावर थबकलं आहे. तिकडची वादळांची मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात. आम्ही हजारो मैल दूर होतो आणि रोआतानला पोचायला दोन आठवडे होते, तरी त्या बेटावरच्या लोकांचं काय होत असेल, हा विचार दोन दिवस मनात राहिला.

१९ तारखेला पहाटे बार्बाडोसचे दिवे दिसले. सहा दिवसांनी जमिनीचा वास येतो, ओल्या मातीचा आणि कसल्यातरी धुराचा, हे मी ऐकलं होतं, पण खरं असेल असं वाटलं नव्हतं. ३० नोव्हेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्यामुळे ब्रिजटाउनभर निळ्या-पिवळ्या पताका. बंदरापासून गावात वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाता येतं. आम्ही टॅक्सीऐवजी सरकारी निळी बस घेतली, साडेतीन बार्बाडोस डॉलर. त्यांचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. अमेरिकी डॉलर दुकानांत चालतात, पण सुटे परत मिळतात ते तिथल्या चलनात, म्हणून एक आणि पाचच्या नोटा भरपूर जवळ ठेवा. एका पुलाजवळ बाकावर बसलेल्या आजींशी बोलणं झालं. पुढे पनामाला जाणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “माझे आजोबा गेले होते, खणायला.” त्यावर मला काही नीट बोलता आलं नाही.

सेंट लुशियात दिवसभर पाऊस होता. छत्री घेऊन बाजार पाहिला आणि परत आलो.

क्युरासावच्या विलेमस्टॅडबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आमचं जहाज चुकता चुकता राहिलं. गावाचे दोन भाग, मधे खाडी. जहाज ओत्रोबांदाच्या बाजूला लागतं आणि पलीकडे पुंडाच्या काठावर त्या प्रसिद्ध पिवळ्या, निळ्या, गुलाबी इमारती. दोन्हींना जोडतो तो १८८८ सालचा राणी एमा पूल, होड्यांच्या तराफ्यांवर तरंगणारा. मोठी बोट आली की अख्खा पूल एका टोकाला बिजागरी लावलेल्या दारासारखा बाजूला सरकतो. सगळ्यांनी साडेचारपर्यंत परत यायचं होतं. चार वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही पुंडाच्या टोकाशी आलो आणि घंटा वाजायला लागली. फाटक आमच्यासमोर बंद झालं. पुलावर आधीच असलेले लोक तसेच कठड्याला टेकून उभे, आणि पायांखालच्या फळ्यांसकट हळूहळू आमच्यापासून दूर चाललेले. मागे एक तेलवाहू जहाज खाडीत शिरत होतं. माझे हात गार पडले. शेजारच्या फळवाल्याने पुलावरच्या निळ्या बावट्याकडे बोट केलं. नारिंगी बावटा असला तर पूल थोड्या वेळात मिटतो, निळा असला तर वेळ लागतो आणि तोवर फुकट फेरीबोट चालते. तो आम्हाला फेरीच्या धक्क्यापर्यंत सोडायला आला. पहिली फेरी भरून गेली, दुसरीत जागा मिळाली. चार वीसला जहाजाच्या शिडीपाशी होतो. “दान्की,” म्हणजे धन्यवाद, एवढा एकच तिथल्या पापियामेंतु भाषेतला शब्द मला येत होता, तो त्याला तीनदा म्हटला. अशा बंदरात परतीची वेळ पुलासकट धरा, निदान एक तास हाताशी ठेवून.

कार्ताहेनाला तटबंदी आणि सान फेलिपेचा किल्ला पाहिला. उकाडा असा की दुपारी एकलाच परत आलो. बंदराच्या आवारातच पक्ष्यांची बाग आहे, मकाव पोपट अगदी हाताच्या अंतरावर येतात. थकलेल्यांना तेवढंही पुरे.

२५ नोव्हेंबर, पनामा. पहाटे पाचला पुढच्या डेकवर गेलो तर तिथे आधीच गर्दी. आमचं जहाज पूर्ण कालवा ओलांडणार नव्हतं. कॅरिबियनच्या बाजूने गातूनचे तीन बंधारे (लॉक, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणारे दारांचे हौद) चढून सरोवरात जायचं, तिथून परत खाली, आणि मग कोलोन बंदर. तिकीट काढताना हा फरक नीट वाचून घ्या, ‘पनामा कालवा’ दोन्ही प्रकारांना लिहितात.

जुन्या बंधाऱ्याची रुंदी साडेतेहतीस मीटर. जहाज त्यात इतकं चपखल बसतं की आमच्या केबिनच्या खिडकीपासून काँक्रीटची भिंत दोन-अडीच फुटांवर होती. शंभरहून जास्त वर्षांचं काँक्रीट, हिरवट, घासून गुळगुळीत झालेलं, पाणी चढेल तसं खिडकीतून खाली खाली सरकत गेलं. एवढ्या मोठ्या कारभाराची सुरुवात होते एका वल्ह्याच्या होडीने. दोन माणसं वल्हवत आली, वरून सोडलेली दोरी एकाने झेलली आणि तारेच्या केबलला बांधली. मग रुळांवरची विजेची इंजिनं, ज्यांना तिथे खेचरं म्हणतात, दोन्ही बाजूंनी जहाजाला मधोमध धरून चालू लागली. तीन पायऱ्यांत सव्वीस मीटर वर. पंप नाहीत, पाणी सरोवरातून आपल्या वजनानेच उतरतं.

ध्वनिक्षेपकावर वाटाड्या सांगत होता. फ्रेंचांनी १८८१ मध्ये काम सुरू केलं आणि १८८९ मध्ये ते कोसळलं, तोवर अंदाजे बावीस हजार माणसं गेली होती, बरीचशी पीतज्वर आणि हिवतापाने. डासामुळे पीतज्वर पसरतो, हे क्युबातल्या हवानाच्या कार्लोस फिनले या डॉक्टरांनी त्याच १८८१ साली मांडलं होतं, पण कोणी मनावर घेतलं नाही. १९०० मध्ये अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केलं. मग अमेरिकनांच्या काळात त्याच लष्करातले डॉक्टर गोर्गस यांनी घरोघर धूर केला, जाळ्या बसवल्या, साचलेलं पाणी काढलं, आणि १९०६ पर्यंत पनामातून हा ताप हटला. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा उघडला. अमेरिकन काळातही नोंदलेले मृत्यू ५,६०९ आहेत, बहुतेक वेस्ट इंडीजमधले काळे मजूर. एकट्या बार्बाडोसमधून करारावर सुमारे वीस हजार माणसं आली होती. गोऱ्यांना पगार सोन्याच्या नाण्यांत, यांना चांदीच्या, आणि राहणं-जेवणंही वेगळं.

लशीची ती पिवळी पुस्तिका माझ्या पर्समध्ये होती. मी ती काढून हातात धरली. सहा दिवसांपूर्वी बाकावर भेटलेल्या आजींचे आजोबा याच पाण्याने, आम्ही आलो त्याच वाटेने इथे आले असतील, आणि त्यांच्याकडे असली पुस्तिका नव्हती. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. मी त्याला आजींचं वाक्य पुन्हा सांगितलं. बंधाऱ्याचं दार उघडून सरोवर दिसेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

लिमोनला तिथल्या छोट्या कालव्यातून बोटीने फिरलो, झाडावर स्लॉथ दिसला, ओल्या पोत्यासारखा स्थिर. इथे एक धोका आहे. कोस्टा रिकाचं घड्याळ पनामाच्या एक तास मागे, पण आमच्या जहाजाने त्या दिवशी आपलं घड्याळ हलवलं नाही. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवायला लागला. एक जोडपं फोनवर विसंबलं आणि शिडी उचलण्याच्या तयारीत असताना धावत आलं. बाई रडत होत्या. साधं मनगटी घड्याळ आणा, त्यावर जहाजाची वेळ लावा आणि जहाजावर सांगितल्याशिवाय ती बदलू नका.

रोआतान स्वच्छ उन्हात मिळालं. बेलीझ मिळालंच नाही. तिथे किनारा इतका उथळ आहे की मोठं जहाज काही मैल बाहेर नांगर टाकतं आणि लोक छोट्या टेंडर बोटीने जातात. वारा जास्त होता, दोन तास वाट पाहून कप्तानने बंदर रद्द केलं. मन खट्टू झालं, पण समोर बोटी ज्या तऱ्हेने आपटत होत्या, त्या पाहता निर्णय बरोबरच होता. बंदराचा कर खात्यावर परत आला. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीचे पैसेही परत मिळाले. ज्यांनी बाहेर परस्पर ठरवलं होतं, त्यांतल्या काहींचे गेले. टेंडरच्या बंदरासाठी आधी पैसे भरू नका.

कोझुमेलनंतर एक दिवस समुद्र, आणि मायामी. सामान आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवायचं असतं. औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे त्यात जाऊ देऊ नका. इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास गेला. अधिकाऱ्याने बोटांचे ठसे घेतले, परतीचं तिकीट पाहिलं आणि कुठून आलात म्हणून विचारलं. नवरा बंदरांची नावं क्रमाने सांगायला लागला, तर पनामापर्यंत येता येता शिक्का मारून झालासुद्धा.

पीतज्वराची लस आता जन्मभर ग्राह्य धरतात. दोन्ही पुस्तिका पासपोर्टच्या पाकिटातच ठेवल्या आहेत.